डॉ. विष्णू माधव घाटगे (१९०८–१९९१)

देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. त्याच कोल्हापूरकडचे डॉ. घाटगे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाहीत. हवाईदलात जाऊ पाहणारी आपली मुले वैमानिकांची नावे पाठ सांगतात. त्या वैमानिकांना ज्या विमानावर शिकवले, ते कोणी आखले, हे विचारले की गप्प होतात. मी स्वतःही नोकरीतून निवृत्त होईपर्यंत त्यांतलाच होतो.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू येथे झाला. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन करून १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वाहत्या हवेच्या शास्त्रात प्रांट्ल यांच्याहून मोठे नाव त्या काळी नव्हते.

वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला, तेव्हा घाटगे तेथे रुजू झाले. महायुद्धात त्यांनी सैनिक वाहून नेणारे ग्लायडर आखले. पण आखणी करणारी माणसे आणायची कोठून? १९४२ मध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि तो उभा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. वारा-बोगद्यात विमानाची प्रतिकृती अडकवायची, तिच्यावर जोराची हवा सोडायची आणि पंखांवर किती भार येतो ते मोजायचे, हा या विद्येचा पाया. तोवर हे शिकायला परदेशीच जावे लागे.

पुढे कारखान्यात परतून त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आखले. विद्यार्थी आणि शिक्षक एकामागे एक बसतात, चालवण्याची साधने दोघांपुढेही असतात. विद्यार्थी चुकला तर शिक्षकाने सावरायचे. (आमच्या बँकेत नव्या कारकुनाला जुना रोखपाल असाच सांभाळी, फक्त खाली जमीन असे.) ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडवले. भारतीयांनी आखून कारखान्यात तयार केलेले हे पहिले विमान. दीडशेहून अधिक एचटी-२ तयार झाली, काही घानाच्या हवाईदलालाही गेली. आपल्या हवाईदलातील कितीतरी तरुण पहिल्यांदा एकटे आकाशात गेले ते यातूनच.

नंतर त्यांनी जेट इंजिनाचे किरण आखले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी हवाईदलाचे चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. आखणाऱ्याचा हिशेब खरा की खोटा, ते चाचणी वैमानिक जीव पणाला लावून पाहतो. दास १९७० मध्ये बंगळूरलाच मरुत विमानाच्या अपघातात गेले.

घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली; ६ डिसेंबर १९९१ रोजी ते वारले. पाच वर्षांनी हवाईदलाने सूर्यकिरण पथक उभारले. त्या पथकाच्या कसरती टीव्हीवर आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. २०११ पर्यंत ती विमाने किरणच होती.