स्वपक्षीय मारा

युद्धात शत्रू समजून आपल्याच सैन्यावर चुकून केलेला मारा. 'फ्रेंडली फायर' या नावाने परिचित. फितुरी किंवा हेतुपुरस्सर हत्या यात मोडत नाही.

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी मराठ्यांचे सरसेनापती प्रतापराव गुजर आदिलशाही सरदार बहलोलखानावर तुटून पडले, तेव्हा शत्रू तलवारीच्या टप्प्यात, डोळ्यांसमोर होता. तोफा, विमाने व क्षेपणास्त्रे आल्यावर मारणाऱ्याला लक्ष्याचा चेहरा दिसेनासा झाला आणि पडद्यावरच्या ठिपक्यावरून निर्णय घेण्याची वेळ आली. धूर, अंधार, चुकीचे नकाशे, तुटलेला संपर्क ही नेहमीची कारणे. पण सर्वांत घातक कारण म्हणजे हल्ल्याच्या धास्तीत घाईने दिलेला हुकूम.

पाकिस्तानातील बालाकोटवर भारताने केलेल्या हवाई हल्ल्यानंतरच्या भारत-पाक हवाई चकमकीत, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय वायुसेनेचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह सहा वायुसैनिक व जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. हेलिकॉप्टरवरील मित्र-शत्रू ओळख यंत्रणा बंद असल्याचे व तळावरील समन्वयात त्रुटी राहिल्याचे चौकशीत आढळले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वायुसेनाप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. अशी कबुली आवश्यकच असते. तिच्याविना मृतांच्या कुटुंबीयांना सत्य कळत नाही आणि कार्यपद्धतीही सुधारत नाही.