परळची विटांची चाळ

जुन्या घराचा इतिहास सांगावयाचा म्हटले की वाडा, दिंडी, कोरीव खांब आणि मालकाची वंशावळ पुढे येते. मी बोलणार आहे परळच्या पोयबावडीतील एका चाळीविषयी. तिला कोरीव खांब नाहीत. ती प्लेगच्या भीतीतून उभी राहिली.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९८ साली सरकारने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. कोंदट वस्त्या पाडाव्या, समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढावे आणि उठवलेल्या माणसांसाठी चाळी बांधाव्या, असा बेत होता. रस्ते झाले. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट त्यांतलेच. परंतु सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. घर गेलेली माणसे शेजारच्याच कोंदट घरांत शिरली. आम्हां कामगारांना असल्या सुधारणेची ओळख जुनी आहे.

आता बांधणी पाहा. विटांच्या अशा इमारतीत सारा भार भिंतींवर. वरचे मजले पेलावयाचे म्हणून खालची भिंत जाड, आणि तुळई जेवढी पोचेल तेवढीच खोली. मधली भिंत पाडून ऐसपैस व्हावे म्हटले तर वरचा संसार खाली यावयाचा. खोली लहान का, याचे एक उत्तर तुळईत आहे, दुसरे भाड्यात. नळ आणि संडास सामाईक. अशा खोल्यांत मी युनियनच्या कितीतरी सभा घेतल्या. निम्मी सभा जिन्यावर बसे.

याच चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड १९१२ ते १९३४ पर्यंत होते. एका खोलीत संसार, दुसरीत पुस्तके. ते न्यूयॉर्क-लंडनला शिकत होते तेव्हा रमाबाईंनी संसार ओढला तो मुंबईच्या अशाच चाळींतून. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले, १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हाही पत्ता हाच. शाहू महाराज त्यांना भेटावयास या चाळीत येऊन गेले.

पुढे बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहावयास गेले. आपला ग्रंथसंग्रह मावावा, हा विचार त्या बांधणीत होता. गंमत अशी की दादर-माटुंग्याची ती आखणीही याच ट्रस्टची. तेथे मात्र प्लॉट ऐसपैस होते आणि दोन घरांमध्ये वाऱ्याला वाट ठेवलेली होती.