समुद्राला बहर केव्हा येतो?

नॉर्वे आणि आइसलँड यांच्या दरम्यानचा समुद्र हिवाळ्यात काळसर निळा दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याच्यावर हिरवट छटा चढते. हा रंग वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या, बहुतेक एकपेशीय अशा सूक्ष्म वनस्पतींचा. अटलांटिकमधील उबदार प्रवाहाची एक शाखा याच समुद्रातून उत्तरेकडे वाहते. वनस्पतिप्लवकांवर प्राणिप्लवक वाढतात आणि त्यांच्यावर माशांची पिले. तेव्हा हा बहर केव्हा येतो, हा प्रश्न नॉर्वेसारख्या मासळीवर जगणाऱ्या देशात पोटापाण्याचाच होता. काही वर्षी मासळी उदंड आणि काही वर्षी तुटपुंजी का, याचे एक उत्तर योहान योर्ट यांनी १९१४ साली दिले: अगदी कोवळ्या पिलांना वेळेवर अन्न मिळाले की नाही, यावर पुढच्या वर्षांची मासळी ठरते.

‘प्लँक्टन’ हा शब्द १८८७ साली जर्मनीतील कील येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी रूढ केला. शेतातले पीक मोजतात तसे समुद्राचे उत्पन्न मोजावे, अशी त्यांची धडपड होती. १८८९ साली ‘नॅशनल’ या जहाजातून ते अटलांटिकवर गेले आणि रेशमी जाळ्यांनी ठिकठिकाणचे पाणी गाळून त्यातले प्लवक मोजले. जमिनीवर उष्ण कटिबंधात घनदाट अरण्ये, तर तिथला समुद्रही समृद्ध असणार, अशी साहजिक अपेक्षा होती. आढळले उलटेच. उत्तरेकडचे थंड पाणी प्लवकांनी भरलेले आणि उष्ण समुद्र त्या मानाने ओसाड! एर्न्स्ट हेकेल यांनी या मोजणीवर कडाडून टीका केली. प्लवक सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, मग चार ठिकाणच्या जाळ्यांवरून महासागराचा हिशेब कसा मांडणार? आमच्या मते हा आक्षेप निराधार नव्हता. पण मोजायचेच नाही, हा त्यावरचा उपाय मात्र नव्हे.

कीलमध्येच कार्ल ब्रांट यांनी शेतीशास्त्राकडे बोट दाखवले. शेताला खत लागते तशी समुद्रालाही नायट्रोजनयुक्त क्षारांची गरज असते. उष्ण समुद्रात वरचे पाणी कोमट आणि हलके असते. ते खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते आणि खालचे खत वर येत नाही. ही जोड पुढे पक्की झाली.

पण खताने उत्तरेचे कोडे सुटेना. तिथे हिवाळी वादळे पाणी शेकडो मीटर घुसळतात, भरपूर खत वर येते, तरीही बहर मात्र वसंतात! हाकोन ग्रान आणि त्रीग्वे ब्रोरूड यांनी १९३५ साली सुचवले की, हे घुसळणेच वाढीला मारक ठरत असावे. हाराल्ड स्वेरद्रुप यांनी १९५३ साली ही कल्पना गणितात बसवली.

त्यांची मांडणी जमाखर्चाची आहे. प्रकाशसंश्लेषणाची मिळकत फक्त वरच्या, उजेडाच्या पाण्यात होते. श्वसनाचा खर्च मात्र प्रत्येक खोलीवर चालूच असतो. घुसळणारा थर फार खोल असला, तर त्यातल्या वनस्पतींचा बराच काळ अंधारात जातो आणि खर्च मिळकतीवर मात करतो. जमा आणि खर्च जिथे समान होतात, ती ‘क्रांतिक खोली’. वसंतात उजेड वाढतो, तशी ही खोली वाढते. पाणी वरून तापते, तसा घुसळणारा थर उथळ होतो. थर क्रांतिक खोलीच्या वर आला की बहर सुरू. पडताळ्यासाठी त्यांनी नॉर्वेच्या समुद्रात ६६ अंश उत्तर अक्षांशावर, एकाच जागी थांबून हवामानाची नोंद करणाऱ्या ‘एम’ या जहाजाची १९४९ सालची निरीक्षणे घेतली. मेळ बसला. पण या मेळावर फार भिस्त ठेवू नये, असे स्वेरद्रुप यांनी त्याच लेखात बजावले होते. पाठ्यपुस्तकांनी सूत्र उचलले आणि इशारा गाळला. २०१० साली मायकेल बेहरेनफेल्ड यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले की, उत्तर अटलांटिकमधील वाढीची सुरुवात थर सर्वांत खोल असतो त्या ऐन हिवाळ्यातच होते. त्यांचे म्हणणे असे की, खोल पाण्यात सगळेच विरळ होते आणि खाणाऱ्याला खाद्य सापडणे अवघड जाते. हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या अरबी समुद्रात तर हेच घुसळणे बहराला कारण ठरते. १९६० नंतरच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत येथील पावसाळी समृद्धीचा अभ्यास झाला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर सोमालीचा प्रवाह दिशा पालटून उत्तरेकडे धावू लागतो. सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांलगत खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते आणि वनस्पतिप्लवक फोफावतात. त्या मोहिमेतूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आहे. या संस्थेच्या मधुप्रताप व सहकाऱ्यांनी १९९६ साली ईशान्य अरबी समुद्रातल्या हिवाळी बहराचा उलगडा केला. ईशान्येकडून येणारे कोरडे, गार वारे बाष्पीभवन वाढवतात. वरचे पाणी थंड आणि अधिक खारट, म्हणून जड होऊन खाली बुडते. सुमारे १०० मीटरपर्यंतचे पाणी ढवळले जाते आणि खालचे नायट्रेट वर येते. उजेडाची टंचाई इथे हिवाळ्यातही नसते. उणीव खताची होती, ती घुसळण्याने भरून निघते.

या हिवाळी पिकात पूर्वी डायाटम जास्त असत. २००० नंतर मात्र त्यांच्या जागी हिरव्या नॉक्टिल्युकाचे दाट थर वारंवार दिसू लागले आहेत. ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर येत असल्यामुळे हे घडते, असे काही संशोधक म्हणतात. इतरांना ते मान्य नाही.