तापोळा, बामणोली, वेण्णा : बोटिंगला जाताय? बोट कशी ठरवायची, काय बघायचं? वाचा सविस्तर

सातारा : सुट्ट्या लागल्या की सातारा-सांगलीकडची मंडळी गाड्या काढून पाण्याकडे धावतात. पण बोट कुठं मिळते, परवानगी कुणाची लागते, याची माहिती नसल्याने अनेकांचा दिवस वाया जातो. म्हणून ही माहिती.

वेण्णा लेक, महाबळेश्वर
हा तलाव साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. इथं वल्ह्याची आणि पायडलची बोट मिळते. तिकीट खिडकीवर काढायचं, वेळेप्रमाणे पैसे. लहान पोरं, म्हातारी माणसं सोबत असतील तर हेच ठिकाण सोयीचं. शनिवार-रविवारी मात्र लाईन मोठी असते.

तापोळा
कोयना धरण १९६४ साली पूर्ण झालं. १०५ टीएमसीच्या या धरणाचा फुगवटा म्हणजे शिवसागर जलाशय. महाबळेश्वरपासून तापोळा साधारण २५ किलोमीटर, रस्ता घाटाचा. इथं इंजिनाच्या बोटी आहेत. फेरी किती लांबची, त्यावर दर ठरतो. दत्त मंदिर, त्रिवेणी संगम अशी ठिकाणं दाखवतात. कुठली ठिकाणं, किती वेळ थांबणार, हे बोटीत बसायच्या आधीच बोलून घ्यावं.

बामणोली ते वासोटा
साताऱ्याहून कास मार्गे बामणोली साधारण ३५ किलोमीटर. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. त्यामुळे वन विभागाची परवानगी आधी, बोट नंतर. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. प्रवेश फी वेगळी, बोटीचं भाडं वेगळं. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. म्हणून आठ-दहा जणांचा ग्रुप असला तर परवडतं. दोघं-तिघं असाल तर काठावर दुसरा ग्रुप गाठून भाडं वाटून घ्या.

बोटीने जायलाच सुमारे दीड तास लागतो, वर चढायला आणखी दोन-तीन तास. संध्याकाळच्या आत परतावंच लागतं, गडावर मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी लवकर बामणोली गाठा. प्लास्टिक नेलं तर परत आणा, तपासणी होते. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उतरल्यावर जास्त चालावं लागतं. मोबाईलला रेंज कमी, म्हणून रोख पैसे जवळ असू द्या.

चांदोली
शिराळा तालुक्यातलं वारणेवरचं चांदोली धरण राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथंही वन विभागाच्या परवानगीशिवाय पाण्यात किंवा जंगलात जाऊ नये.

जॅकेटशिवाय बसू नका
२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जणांचा जीव गेला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला काय झालं, ते सांगली जिल्हा विसरलेला नाही. म्हणून एवढं पाळा :

- लाईफ जॅकेट प्रत्येकाला मिळालं का बघा. नुसतं अंगावर घेऊ नका, बक्कल लावा. पोरांना त्यांच्या मापाचं मागा. पोहता येणाऱ्यानंही घालावं.
- ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं बसवली तर खाली उतरा, दुसरी बोट घ्या.
- एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचं वारं सुटतं. फेरी सकाळी उरका. ढग भरून आले आणि चालक नको म्हणाला, तर हुज्जत घालू नका.
- सेल्फीसाठी सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नये. दारू पिऊन बोटीत बसू नये.
- अडचण आली तर ११२ लावा. रेंज नसेल हे धरून घरी किंवा काठावर परतायची वेळ सांगून ठेवा.

कोयनेच्या काठावर बोट चालवणाऱ्या अनेकांच्या घरच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्या आहेत. बोटीवर त्यांची चूल चालते. दर आधी विचारा, पटला तर बसा. पण दोनशे-चारशे रुपये वाचवायला जॅकेट नसलेली बोट धरू नका.