शेतात सापडलेला दगड अश्मयुगातला आहे का? असं ओळखा

नांगरट झाली किंवा ओढ्याची दरड ढासळली की कधी कधी एखादा वेगळाच दगड हाती लागतो. एका बाजूला टोक, दोन्ही कडांना धार. मग फोटो ग्रुपवर पडतो आणि खाली प्रश्न असतो, ‘आदिमानवाचं हत्यार आहे का हे?’

असू शकतं. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरम इथे असाच दगड मिळाला आणि भारतातल्या अश्मयुगाच्या संशोधनाची सुरुवात झाली. महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या नेवाशात आणि नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीकाठी अशी हत्यारं सापडली आहेत.

पण नुसत्या आकारावर जाऊ नका. या गोष्टी पाहा:

टवक्यांच्या खुणा : दगडावर नेमका घाव घातला की टवका उडतो. त्या टवक्यावर घावाच्या जागेखाली छोटा फुगवटा आणि पाण्यातल्या तरंगांसारख्या रेषा दिसतात. मूळ दगडावर उथळ खळगा राहतो. नदीत आपटूनही एखाद-दुसरा टवका उडतो. मात्र कडेने ओळीने आणि दोन्ही बाजूंनी खळगे असतील, तर माणसाचा हात असण्याची शक्यता वाढते.

दगडाची जात : आपल्याकडची मोठी हत्यारं बहुतेक बेसाल्ट किंवा डोलेराइटची असतात. काही सेंटिमीटरची छोटी पाती अकीक, जास्पर अशा गुळगुळीत फुटणाऱ्या दगडांची. अशी पाती इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनीही वापरली. म्हणजे पातं मिळालं म्हणून ते लाखो वर्षांचं ठरत नाही.

रंग : जुन्या खळग्यांवर बाकीच्या दगडासारखीच झीज आणि रंग असतो. फुटलेला भाग ताजा, वेगळ्या रंगाचा दिसला, तर तो नांगराचा किंवा जेसीबीचा प्रताप समजा.

सापडला तर काय करायचं?

- शक्यतो उचलू नका. आधी जागेवरच, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा.
- मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा.
- घासूनपुसून धुऊ नका, आजूबाजूला खणू नका.
- जवळपास असे आणखी दगड किंवा टवके आहेत का, ते पाहून ठेवा.
- राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

जागेला एवढं महत्त्व का? कारण हत्याराचं वय बहुतेक वेळा ते ज्या थरात होतं, त्यावरून काढतात. जुन्नर तालुक्यात बोरी इथल्या हत्यारांचं वय ठरवायला कुकडीकाठचा ज्वालामुखीच्या राखेचा थर उपयोगी पडला, आणि त्या राखेच्या वयावरूनही अभ्यासकांमध्ये वाद झाला. थर माहीत असूनही इतका काथ्याकूट होतो, तर घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवलेल्या दगडाबद्दल कोण काय सांगणार?

विकायचा विचार तर नकोच. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा वस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवणं गुन्हा आहे. शिवाय दगड एकदा हलला की त्याच्यासोबतची माहिती कायमची जाते.