बारावी बोट



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या पेशातले काहीतरी लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. डॉक्टरांनी मधुमेहावर लिहिले असेल, बँकवाल्यांनी गुंतवणुकीवर. मी पंचवीस वर्षे व्यापारी बोटींवर काढली, तेव्हा मी बोटींवरच लिहिणार. पण माझ्या फेऱ्यांच्या गमती गप्पांच्या रात्री सांगेन. इथे लिहितो ते १९४० सालच्या एका बोटीबद्दल. आपल्या वेळच्या इतिहासात दुसरे महायुद्ध म्हणजे पोलंड, पर्ल हार्बर आणि हिरोशिमा. अटलांटिक महासागरात साडेपाच वर्षांहून जास्त काळ चाललेली लढाई त्यात फारशी नसायची. आणि ज्या लढाईत आपल्या किनाऱ्यावरचे बाप, आजे, चुलते होते ती हीच.

बोटीचे नाव ‘सिटी ऑफ बनारस’. १९३६ साली बांधलेली, अकरा हजार टनांची, एलरमन कंपनीची, हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी काढलेली प्रवासी बोट. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अधिकारी गोरे आणि बाकीचे खलाशी बहुतेक हिंदुस्थानी. आपल्याकडे अजूनही जुन्या माणसांच्या तोंडी असलेले शब्द या बोटींवर रोजचे होते: सारंग, टंडेल, कसाब, भंडारी, आगवाला. इंग्रज या सगळ्यांना मिळून ‘लास्कर’ म्हणत. युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवरचा दर चौथा माणूस असा लास्कर होता, म्हणजे जवळपास पन्नास हजार. पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास. १९३९ च्या शरद ऋतूत ब्रिटनच्या बंदरांत त्यांनी संप केला, कित्येक जण तुरुंगात गेले आणि शेवटी पगार थोडा वाढला. ही गोष्ट पुढे लागेल म्हणून आधी सांगून ठेवतो.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि फ्रान्सची पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे जर्मन पाणबुड्यांच्या हाती आली. पूर्वी त्यांना स्कॉटलंडला वळसा घालून यावे लागे, आता त्या थेट अटलांटिकच्या दारातच होत्या. त्यातच ७ सप्टेंबरपासून लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडू लागले. सरकारने मुलांना कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे वसाहतींत पाठवण्याची योजना काढली होती. तिच्यासाठी दोन लाखांवर अर्ज आले. प्रत्यक्षात तीन हजारांहूनही कमी मुले गेली. ‘बनारस’वर या योजनेतली ९० मुले चढली. त्यांतली दोन तर दोन आठवड्यांपूर्वीच टॉर्पेडो लागलेल्या ‘व्होलेंडम’ या बोटीवरून वाचून आलेली. एकाच घरातली पाच भावंडे होती. लंडनमधले त्यांचे घर बॉम्बने गेले होते.

१३ सप्टेंबरला, शुक्रवारी, बोट लिव्हरपूलहून निघाली. तारीख तेरा आणि वार शुक्रवार! दर्यावर्दी माणूस या दोन्हींना भितो, पण युद्धात मुहूर्त कोण बघतो? ब्रिटनमध्ये रेशन होते, बोटीवर आइस्क्रीम होते. खेळण्याच्या खोलीत डुलणारा लाकडी घोडा होता. फेटेवाले खलाशी पोरांना हवे ते वाढत होते. वाचलेल्या मुलांनी पुढे म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत हे चार दिवस फार सुखाचे आहेत.

आता काफिल्याचे तंत्र थोडे समजून घेऊ. याचे नाव होते ओबी २१३. काफिला म्हणजे एकामागे एक अशी लांबलचक मिरवणूक नव्हे. बोटी आडव्या पसरतात. अनेक रांगा शेजारीशेजारी, प्रत्येक रांगेत थोड्याच बोटी, दोन रांगांमध्ये किलोमीटरभराच्या आत अंतर. पाणबुडी बाजूने मारते, म्हणून बाजू जितकी आखूड तितके बरे. मधल्या एका बोटीवर कमोडोर असतो, बहुधा निवृत्त आरमारी अधिकारी. तो बावटे आणि दिवे दाखवून सगळ्यांना चालवतो. ओबी २१३ चे कमोडोर रिअर अ‍ॅडमिरल मॅकिनन ‘बनारस’वर होते. रात्री एकही दिवा लावायचा नाही, पुढच्या बोटीच्या फेसाळ पाण्याकडे बघत चालायचे. शांततेच्या काळातही मी अंधाऱ्या रात्री गर्दीच्या खाडीत बोट नेली आहे. एकोणीस-वीस बोटी दिव्यांशिवाय खवळलेल्या समुद्रात शेजारीशेजारी नेणे काय असेल, याचा विचार केला तरी घशाला कोरड पडते.

आणि वेग? सगळ्यांत हळू बोट ठरवील तो. ‘बनारस’ पंधरा नॉट धावू शकत होती. काफिल्यात ती जवळपास निम्म्या वेगाने रखडत होती.

संरक्षणाला ‘विंचेल्सी’ ही विनाशिका आणि दोन लहान युद्धनौका होत्या. पण त्या वेळी ब्रिटनजवळ विनाशिका थोड्या आणि त्यांच्या टाक्या लहान. म्हणून पश्चिमेला ठरावीक अंतरापर्यंत सोबत करायची आणि तिथून मागे वळून, अमेरिकेकडून येणाऱ्या भरलेल्या बोटींचा काफिला घेऊन घरी यायचे. येणाऱ्या बोटींत गहू, तेल, लोखंड. जाणाऱ्या बहुतेक रिकाम्या. हिशेब सरळ होता. १७ सप्टेंबरच्या पहाटेच्या अंधारात विंचेल्सी वळून गेली.

इथे एक जुना वाद आहे. सोबत सुटल्यावर त्याच दुपारी काफिला मोडून बोटींनी आपापल्या वाटेने जावे, असे आदेश होते. कमोडोरांनी तो मोडला नाही. हवा बिघडत होती, लाटा उसळत होत्या, नागमोडी चालणेही थांबवले होते. पुढे अनेकांनी सगळे खापर मॅकिनन यांच्यावर फोडले. माझे मत विचाराल तर वादळी समुद्रात बोटी एकत्र ठेवण्यात वेडेपणा काही नव्हता, अडल्यानडल्या बोटीला दुसरी जवळ असते. पण विनाशिका गेल्यावर हळू चालण्याचे कारणही गेले होते. वेगवान बोटीला, त्यातही ९० मुले असलेल्या बोटीला, सर्वांत रखडणाऱ्या बोटीच्या गळ्यात बांधून ठेवायला नको होते. हे मी खुर्चीत बसून लिहितो आहे, ते पुलावर उभे होते, एवढा फरक लक्षात ठेवून वाचा.

त्या दिवशी ‘यू-४८’ या पाणबुडीला काफिला दिसला होता. कप्तान हाइनरिश ब्लाइखरोट. पाणबुडी नेहमी पाण्याखालूनच मारते हा सिनेमाने पसरवलेला समज. त्या काळी ती दिवसा दुरून मागावर राही आणि रात्री चक्क पाण्यावर येऊन हल्ला करी. पाण्यावर तिचा वेग काफिल्याच्या दुपटीच्या आसपास. आवाजाचा ठाव घेणारे ब्रिटिश यंत्र पाण्यावरच्या पाणबुडीपुढे आंधळे होई. पहिले दोन टॉर्पेडो चुकले. रात्री दहाच्या सुमारास तिसरा ‘बनारस’च्या डाव्या बाजूला मागच्या भागात लागला. त्याच्याच वरच्या अंगाला मुलांच्या केबिनी होत्या.

साधारण अर्ध्या तासात बोट बुडाली. बोट सोडणे वरवर शिस्तीत झाले, पण लाइफबोटी खाली सोडताना वारा आणि लाटा इतक्या होत्या की कित्येक बोटी तिरक्या होऊन माणसे समुद्रात सांडली, कित्येक काठोकाठ पाण्याने भरल्या. आतल्या हवेच्या टाक्यांमुळे त्या तरंगत राहिल्या, पण माणसे कमरेपर्यंत बर्फगार पाण्यात. दोन मुली उलट्या झालेल्या बोटीच्या कण्याला धरून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही लटकून राहिल्या, आणि वाचल्या. बाकीच्या बोटींत सकाळपर्यंत एकेक करून मुले गारठून गेली. सुती कपड्यांतले खलाशीही गेले. कमोडोर गेले, कप्तान निकोल गेले. काफिल्यातल्या इतर बोटींना थांबायची मनाई होती. थांबणारी बोट म्हणजे पुढचे निशाण. काही मिनिटांनी ‘मरिना’ ही दुसरी बोट टॉर्पेडोने बुडाली, तेव्हा ही मनाई किती खरी होती तेही कळले.

१८ तारखेला दुपारी ‘हरिकेन’ ही विनाशिका आली. तिने शंभराच्या वर माणसे उचलली. काम किती कठीण असेल ते आपण कल्पनेनेच जाणावे. बोटी मैलोगणती पांगलेल्या, त्यांत जिवंत कोण आणि मेलेले कोण हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. ‘बनारस’च्या लाइफबोटी होत्या बारा. हरिकेनवर एकेक मोजत गेले आणि बारा भरल्या. काम संपले असे समजून ती निघून गेली.

बाराव्वी म्हणून मोजलेली ती बोट ‘मरिना’ची होती.

खरी बारावी बोट त्या वेळी पलीकडे लाटांआड होती आणि तिच्यात ४६ माणसे होती. चौथा अधिकारी कूपर, एक ब्रिटिश सिग्नलमन, एक तोफची, आणखी दोन-तीन जण, एक कॅथलिक पाद्री, मेरी कॉर्निश नावाची संगीत शिक्षिका, सहा मुलगे आणि ३२ हिंदुस्थानी खलाशी. माणसे मोजा. सेहेचाळीसपैकी बत्तीस.

या बोटीत पाणी शिरले नव्हते, एवढेच नशीब. वल्ह्यांऐवजी पुढेमागे ढकलायच्या दांड्या होत्या आणि त्यांनी पंखा फिरे. पाळीपाळीने दांड्या हलवायच्या, शीड लावायचे आणि पूर्वेला आयर्लंडच्या दिशेने चालायचे. रेशन म्हणजे एक सुके बिस्किट, त्यावर एक सार्डिन मासा आणि मापाने घोटभर पाणी. कूपरने बोटीच्या टोकाला कॅनव्हासचा आडोसा बांधला आणि मुलांना तिथे ठेवले. कॉर्निशबाई त्यांचे पाय चोळत आणि ‘बुलडॉग ड्रमंड’ या रहस्यकथांच्या नायकाची मनाने रचलेली गोष्ट रोज थोडी थोडी सांगत. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचे, म्हणजे पोरे उद्याची वाट बघतील. शिक्षकांसमोर लिहितो आहे म्हणून मुद्दाम सांगतो, त्या बाई पियानो शिकवणाऱ्या होत्या, लहान मुलांच्या वर्गाच्या नव्हेत. सोबतीण म्हणून निघाल्या होत्या.

मधल्या एका दिवशी एक बोट दिसली. ती जवळ येऊ लागली, सगळे उठून ओरडू लागले आणि ती वळून निघून गेली. लाइफबोट म्हणजे पाणबुडीने लावलेले आमिष असू शकते, ही भीती तेव्हा सगळ्यांनाच होती. त्या बोटीच्या कप्तानाला मी शिव्या देऊ शकत नाही.

आठव्या दिवशी, २५ सप्टेंबरला, एका मुलाला विमान दिसले. आधी कोणी विश्वास ठेवला नाही. ते ‘संडरलँड’ जातीचे समुद्री विमान होते. सिग्नलमनने उभे राहून हातांच्या खुणांनी बोटीचे नाव कळवले. वरच्या लोकांना ते कितपत खरे वाटले असेल! ‘बनारस’ बुडून आठवडा उलटला होता. पुढे दुसरे संडरलँड अन्न टाकून गेले आणि ‘अँथनी’ या विनाशिकेने सगळ्यांना उचलले. त्या सहा मुलांच्या घरी मुलगा गेल्याचे केव्हाच कळवून झाले होते. आईबापांची अवस्था वर्णन करायला मी जात नाही.

‘बनारस’वरच्या चारशेच्या वर माणसांतली सुमारे अडीचशे गेली. ९० मुलांतली ७७. सरकारने योजना बंद केली. ब्रिटनने याला राक्षसी कृत्य म्हटले. जर्मनांचे म्हणणे असे, की दिवे विझवून, काफिल्यात, तोफ लावून जाणारी बोट युद्धाच्या नियमाने लक्ष्यच आहे. ब्लाइखरोट शेवटपर्यंत म्हणत राहिला, मुले आहेत हे मला ठाऊक नव्हते. ते खरे असावे असे मला वाटते. पाणबुडीच्या दुर्बिणीतून अंधारात फक्त बोटीचा आकार दिसतो. पण म्हणूनच ज्यांना ठाऊक होते, ज्यांनी मुलांना त्या बोटीवर चढवले आणि सोबत कुठपर्यंत द्यायची ते नकाशावर आखले, त्यांना प्रश्न विचारायला हवा होता. तो तेव्हा विचारला गेला तरी त्याचे उत्तर युद्धाच्या गदारोळात राहून गेले.

वर्तमानपत्रांत सहा मुलगे आणि मेरी कॉर्निश यांचे फोटो आले. बाईंना पदक मिळाले, १९४१ साली एल्स्पेथ हक्स्ली यांनी त्यांच्यावर पुस्तकही लिहिले. ते त्यांना मिळायलाच हवे होते. ३२ खलाशी मात्र बहुतेक ठिकाणी ‘बत्तीस लास्कर’ एवढेच राहिले. दांड्या त्यांनीही ढकलल्या, पाणी त्यांनाही तेवढेच घोटभर, आणि अंगावर सुती कपडे होते. मुंबईत किंवा कलकत्त्यात बोटीवर चढलेल्या, उबेच्या मुलखातल्या माणसाला सप्टेंबर अखेरचा उत्तर अटलांटिक म्हणजे काय, हे मी थोडेफार जाणतो. माझ्याजवळ लोकरी कोट होता आणि खाली गरम खोली होती.

या युद्धात सहा हजारांवर हिंदुस्थानी खलाशी ब्रिटिश बोटींवर मेले. लंडनमध्ये टॉवर हिलला व्यापारी खलाशांचे मोठे स्मारक आहे, मी ते पाहिले आहे. भिंतीवर ओळीने ब्राँझच्या पाट्या आणि त्यांवर बोटींच्या नावाखाली माणसांची नावे. तिथे आपल्या लोकांची नावे नाहीत. त्यांची नोंद एका वहीत केली आहे, तिच्या दोन सारख्या प्रती केल्या. एक चितगावला ठेवली. दुसरी मुंबईत आहे, खलाशांच्या वसतिगृहात, म्हणजे इंडियन सेलर्स होममध्ये. मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला उतरले की चालत जाण्यासारखे आहे.