‘ग्रीक’ म्हणजे अगम्य? : त्रिरश्मीवरील योनकाचा लेख

एखादी गोष्ट कळली नाही हे सांगण्याच्या इंग्रजी भाषेतील रीती पाहिल्या, तर त्यांपैकी बऱ्याच डोळ्यांशी निगडित असल्याचे आढळते. इंग्रज मनुष्य ‘आय सी’ म्हणतो तेव्हा त्याला ‘मला कळले’ असे म्हणावयाचे असते. ‘आय कान्ट सी’ म्हटले की दिसत नाही एवढाच अर्थ होतो असे नाही, तर्क उमगत नाही असाही होतो. ‘मेक आऊट’ हा प्रयोग धुक्यातील आकृती ओळखण्यास चालतो, तसाच जीर्ण हस्ताक्षर लावण्यासही चालतो. परंतु एक प्रयोग मात्र या साऱ्यांहून वेगळा आहे. जे मुळीच कळत नाही त्याला इंग्रज ‘ग्रीक’ म्हणतो. लॅटिन जाणणाऱ्या पण ग्रीक न जाणणाऱ्या मध्ययुगीन युरोपीय विद्वानांत ही म्हण रूढ होती. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकामुळे ती इंग्रजीत सर्वतोमुखी झाली. मौजेची गोष्ट अशी की, खुद्द ग्रीक लोक न कळणाऱ्या बोलण्याला ‘चिनी’ म्हणतात.

या म्हणीचा नाशिकशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो आपल्या इतिहासाच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

आपल्या देशात ब्राह्मी लिपी अनेक शतके अगम्य होऊन बसली होती. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा ते लेख वाचू शकेल असा पंडित त्याला मिळाला नाही. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी टॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी दिल्लीस आला. स्तंभावरील अक्षरे त्याने पाहिली आणि ती ग्रीक असून स्तंभ अलेक्झांडरने उभारला, असे ठरवून टाकले. न कळणारे ते ‘ग्रीक’, ही म्हण येथे अक्षरशः खरी झाली! अशोकाचा धम्मलेख परक्या जेत्याच्या नावावर जमा झाला.

नाशिकच्या दक्षिणेकडील लेण्यांबाबत याहून वेगळे घडले नाही. तेथील लेखांत त्या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे स्पष्ट कोरलेले आहे. उषवदाताच्या संस्कृतमिश्रित लेखात तेच ‘त्रिरश्मि’ असे येते. अक्षरे डोळ्यांपुढे होती, पण वाचणारा उरला नव्हता. मग ही लेणी पांडवांची ठरली, आणि लोकांच्या तोंडी ती आजही ‘पांडवलेणी’ आहेत. भिक्खुसंघाच्या निवासावर त्याच्याशी संबंध नसलेले नाव बसले ते केवळ एका लबाडीमुळे, असे आम्ही म्हणत नाही. वाचनाची परंपरा तुटली की कोणतीही कथा रिकामी जागा भरून काढते, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

ही लिपी पुन्हा वाचली गेली ती कशी? १८३६ साली ख्रिश्चन लासेन याने अगाथोक्लिस या हिंदी-ग्रीक राजाच्या नाण्यावरील ब्राह्मी अक्षरे लाविली. नाण्याच्या एका बाजूस राजाचे नाव ग्रीक लिपीत होते, त्याच्या आधाराने दुसरी बाजू उलगडली. म्हणजे ज्या ग्रीकाला युरोपने अगम्यतेचे प्रतीक केले, तीच ग्रीक लिपी येथे किल्ली ठरली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने सांचीच्या लहान लेखांच्या शेवटी येणारी तीच ती अक्षरे पाहून तो शब्द ‘दानं’ असावा, असे ताडले आणि वर्णमाला उलगडली. ‘पियदसि’ म्हणजे अशोक, हे मात्र सिंहलद्वीपातील पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर याने दाखविले. ज्या पालीला येथे कोणी विचारीत नव्हते, ती भिक्खूंनी समुद्रापलीकडे जपली होती, म्हणून हे शक्य झाले.

त्यानंतर नाशिकचे लेख बोलू लागले. रा. गो. भांडारकर यांनी लंडनच्या १८७४ च्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांवर निबंध लिहिला, पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे विवरण १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आले, आणि पुढे सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात त्यांचे संपादन केले. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले, त्यांपैकी २,००० च्या व्याजातून २० भिक्खूंना चीवरे मिळावीत अशी व्यवस्था केली, हे आपल्याला कळले. वुधिक नावाचा एक शक लेखक, म्हणजे लिहिण्यावर पोट भरणारा मनुष्य, दाता होता, हेही कळले.

आणि लेणे क्रमांक १७ मध्ये एक ‘योनक’ भेटला. योनक म्हणजे ग्रीक. उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा हा इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा पुत्र. मातापित्यांना उद्देशून, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी त्याने लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करविली आणि आपला पुत्र धम्मरक्खित याच्यासह ती चातुर्दिश भिक्खुसंघास अर्पण केली. (‘महावंसा’त अपरान्तात पाठविलेला योनक धम्मरक्खित येतो, तो वेगळा, नावसाम्यामुळे घोटाळा करू नये.) या ‘ग्रीक’ माणसाचा लेख प्राकृतात आहे, ब्राह्मीत आहे. ‘चातुर्दिश’ या शब्दात त्यालाही जागा होती. संघाच्या दृष्टीने तो अगम्य परका नव्हता.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांवर ब्राह्मी व खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत. मात्र पुष्कळ नाण्यांवर ती अक्षरे बिघडलेली दिसतात. न कळता कोरीत गेले की अक्षर नुसती नक्षी होते, याचा हा पुरावा होय.

आता पालीकडे वळू. पालीतही पाहणे आणि जाणणे जवळजवळ उभे आहेत: ‘दस्सन’ म्हणजे दर्शन आणि अंतर्दृष्टीही, ‘धम्मचक्खु’ म्हणजे धम्म पाहणारा डोळा. ‘विज्जा’ हा शब्द ज्या मूळ धातूपासून आला, त्याच मुळापासून लॅटिनचा ‘पाहणे’ दर्शविणारा शब्द आणि ग्रीकांचा ‘मी जाणतो’ या अर्थाचा शब्द आला. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘मी पाहिले आहे’ असा. या नात्याने पाहता ‘अविज्जा’ म्हणजे न पाहणे. परंतु एक महत्त्वाचा भेद आहे. ‘हे ग्रीक आहे’ असे म्हणणारा न कळण्याचा दोष समोरच्या वस्तूवर टाकतो. ‘अविज्जा’ म्हणणारा तो पाहणाऱ्याकडे ठेवतो, आणि म्हणूनच तो दूर होऊ शकतो असे मानतो. ‘उदाना’तील जन्मांधांच्या कथेत हत्ती अगम्य नाही, एकेका अवयवाला हात लावून संपूर्ण हत्ती कळला म्हणून भांडणे, हा खरा दोष आहे.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांना या भेदाचे मोल सांगावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माचा ग्रंथ लिहिला, तसेच पालीचे व्याकरण व शब्दकोशही सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. ते १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यामागील भूमिका आम्हांस स्पष्ट दिसते: आपला वारसा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा लागू नये.

त्रिरश्मीवर वंदनेसाठी दरवर्षी असंख्य उपासक-उपासिका जातात. त्यांपैकी किती जण भिंतीवरील ‘तिरण्हु’ ही तीन अक्षरे ओळखतील? ब्राह्मीची मुळाक्षरे थोड्या आठवड्यांच्या अभ्यासाने येतात. प्रत्येक विहाराने धम्मवर्गाबरोबर लिपिवर्ग सुरू करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. डोंगराचे खरे नाव घोषणेने परत येईल त्याहून अधिक निश्चितपणे ते वाचता येणाऱ्या माणसांमुळे परत येईल.